अपडेट करताना लिनक्स विचारतं, ‘वाय की एन?’ तेव्हा काय दाबायचं?



मागच्या व्हिडिओत आपण उबुंटू सर्व्हरवर एनजिनएक्स बसवून व्यवसायाची वेबसाइट सुरू केली. आता पुढचा प्रश्न: अपडेट चालू असताना स्क्रीन मध्येच थांबते आणि एका कॉन्फिग फाइलबद्दल विचारते. घाईत ‘वाय’ दाबायचं का? थांबा, आधी समजून घेऊ.

प्रश्न येतो कधी?

कॉन्फिग फाइल म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची वही. या वह्या बहुतेक ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये असतात. फाइल तुम्हीही बदलली आणि कंपनीकडून, म्हणजे पॅकेजकडूनही नवी आली, तरच हा प्रश्न येतो.

समजा, तुमचा लग्नपत्रिका छपाईचा व्यवसाय आहे. ग्राहक वेबसाइटवर डिझाइन पाठवतात. एनजिनएक्स मुळात 1 एमबीपर्यंतचीच फाइल घेतं, म्हणून तुम्ही मुख्य फाइलमध्ये ती मर्यादा 20 एमबी केली. अपडेटच्या वेळी ‘वाय’ दाबलंत, की मर्यादा पुन्हा 1 एमबी! वेबसाइट चालू दिसेल, पण ग्राहकाला 413 एरर येईल. तो फोन करणार नाही, दुसरीकडे जाईल.

कोणतं बटण काय करतं?

- डी: दोन्ही फाइलींतला फरक दाखवतं. आधी हेच दाबा. पाहून झालं की ‘क्यू’ने बाहेर या.
- एन: तुमची फाइल राहते, नवी शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून ठेवली जाते. नुसतं एंटर दाबलं तरी बहुतेक वेळा हेच होतं.
- वाय: नवी फाइल बसते, तुमची ‘डीपीकेजी-ओल्ड’ नावाने जपली जाते. म्हणजे चुकून दाबलं तरी घाबरू नका.

पण ‘एन’ दाबलं म्हणजे काम संपलं असं नाही. नव्या फाइलमध्ये सुरक्षेचे बदल असू शकतात. निवांत वेळी दोन्ही फाइली शेजारी ठेवून कामाचं ते आपल्या फाइलमध्ये घ्या.

प्रश्नच येऊ नये म्हणून

मुख्य फाइलला हात लावू नका. एनजिनएक्सच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये स्वतःची छोटी फाइल करा, शेवटी ‘डॉट कॉन्फ’ हवं. 20 एमबीची ओळ तिथे लिहा आणि मुख्य फाइलमधून काढून ती मूळ रूपात आणा. मग अपडेट बिनधास्त.

ऑटोमॅटिक अपडेट लावलंय? असा प्रश्न येणारं पॅकेज ते सहसा मागे ठेवतं, म्हणून महिन्यातून एकदा स्वतः बघाच.

आजचा गृहपाठ

1. अपडेटआधी ‘ईटीसी’ फोल्डरची कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. ‘ईटीसीकीपर’ बसवलंत तर प्रत्येक बदलाची नोंद राहते.
2. अपडेट दुकान बंद असताना करा.
3. नंतर ‘एनजिनएक्स -टी’ने फाइल तपासा, मग रीलोड करा.
4. शेवटी स्वतः ग्राहक बनून 5 एमबीची फाइल पाठवून बघा. ‘-टी’ला लिहिण्यातली चूक कळते, गेलेली ऑर्डर कळत नाही.