डग्ग्याचा घुमारा आणि भिंतीवरचा फोम

घरातली एक खोली तबल्याच्या रियाजाला आणि रेकॉर्डिंगला राखायची ठरली, तेव्हा दुकानदाराने एक इंची फोमची पॅनल्स गळ्यात मारली. आवाज पूर्ण शोषला जाईल, अशी खात्रीही दिली. पॅनल्स लागली आणि चाटेवरचा 'ना' कोरडा पडला, बोलणं मिटल्यासारखं झालं. डग्ग्याचा घुमारा मात्र तसाच. मनगट सरकवत सूर चढवला की मधेच एका जागी तो फुगायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढाच 'घे' अंगावर यायचा.

असं का होतं ते नीट समजून घ्या. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर. फोम असो की रॉकवूल (खनिज तंतूंचा थर), छिद्रांतून हवा घासत जाते तेव्हाच आवाज जिरतो. भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही, तिथे नुसता दाब असतो. ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून पाव लहर दूर, म्हणजे इथे 85 सेंटिमीटरवर. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम तिथवर पोचणार कसा? त्यात खोली 10 बाय 10 फुटांची. एवढ्या अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींत 56 आणि 112 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतोच, आणि लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडचं घुमणं एकाच सुरावर येऊन आदळतं. निवड हातात असेल तर चौरस खोली घेऊच नका.

पॅनलच्या पत्रकावरच्या 'एनआरसी' आकड्याला भुलू नका. ती 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या चारच ठिकाणच्या शोषणांकांची सरासरी. खर्जाचा तिच्यात हिशोबच नाही.

माझ्या खोलीत फरक पडला तो कोपऱ्यांत चार इंची रॉकवूलचे स्लॅब जमिनीपासून छतापर्यंत तिरके उभे केल्यावर. खर्जाचा दाब कोपऱ्यांतच साठतो, आणि मागच्या पोकळीमुळे स्लॅब भिंतीपासून दूर राहतो. वरून हवा आरपार जाईल असं कापड ताणा. काम करताना मास्क आणि हातमोजे घालाच, तंतू फार खाजतात.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र यातल्या कशानेही मिटत नाही. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं.

पॅनल घेण्याआधी 125 हर्ट्झचा शोषणांक लेखी मागा. तो किती जाडीवर, मागे किती पोकळी ठेवून मोजला तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.