निचऱ्याने खचलेली जमीन

निचरा चांगला ठेवा, असे आम्ही नेहमी सांगतो. पण इंग्लंडमधील केंब्रिजशायरच्या ‘फेन’ या पाणथळ जमिनीची गत पाहा. तेथे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ‘पीट’ थर हजारो वर्षे पाण्याखाली साचला होता. १८५१ मध्ये होम फेनजवळचे तळे उपसले. त्यासुमारास तेथे माथ्यापर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे! पाणी हटताच पीट आकसतो. मग हवा शिरून जिवाणू त्यातील कर्ब खाऊन टाकतात.

१८९९ पासून नॅशनल ट्रस्टने राखलेले विकेन फेन भोवतालची शेते खचल्याने उंचावर राहिले. त्यातले पाणी झिरपते. म्हणून पूर्वी निचऱ्यासाठी असलेली पवनचक्की तेथे हलवून तिनेच पाणी वर चढविले. नुसते पाणी मात्र पुरत नाही. लव्हाळ्यासारखे उंच गवत ठरावीक वर्षांनी कापावे लागते, नाहीतर झुडपे माजतात.