चिरकारी ओष्ठशोथ : लेपापूर्वी पथ्य

सुश्रुतांनी ओष्ठरोग आठ सांगितले आहेत. तथापि महिनोन्‌महिने टिकणारा, वेदनारहित ओष्ठशोथ वा मुखशोथ दिसल्यास आम्ही लेपाची घाई करीत नाही. भंडारा जिल्ह्यात कुष्ठरोग (ग्रंथोक्त अठरा कुष्ठे नव्हेत, महारोग) आजही आढळतो. म्हणून अड्याळ परिसरातील रुग्णाचे बधिर चट्टे व जाड झालेल्या नसा आधी पाहाव्यात. क्षय व आंत्रविकारही वगळावेत. सोबत अर्दित व जिभेवर भेगा असल्यास मेल्करसन-रोझेन्थाल विकार विचारात घ्यावा. शोथ फार असल्यास स्टेरॉईडसाठी तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही.

दालचिनी व बेन्झोएट वर्ज्य केल्याने काही रुग्णांचा शोथ उतरतो. आणि आम्ही मात्र अशाच रुग्णास खोकल्यासाठी सितोपलादी देत होतो! त्यात दालचिनी असतेच. अनेक सिरपांत सोडियम बेन्झोएट असते. औषधविक्रेत्या बंधूंनी दंतमंजनाचेही लेबल वाचावे.