निमो, डोरी आणि दगड

२००३ सालचा 'फाइंडिंग निमो' न पाहिलेला माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणं कठीणच! तो पाहिला की घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायची इच्छा होतेच. यंदा माझ्या मामांना झाली. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग हिशोब तूच कर," असं म्हणून त्यांनी काम माझ्या गळ्यात टाकलं. त्या निमित्ताने जे वाचलं आणि मोजलं ते इथे मांडते. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी शब्द जास्त आले तर सांभाळून घ्या.)

सिव्हिलची असल्यामुळे आधी वजन. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट, साधारण २५५ लिटर. काच, दगड, स्टँड धरून ३०० किलोच्या वर, आणि तेही फक्त ६ चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोपेक्षा जास्त. आयएस ८७५ मध्ये राहत्या घराच्या खोलीसाठी लाइव्ह लोड धरतात २ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. घाबरू नका, बाकी खोली रिकामी असते, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येत नाही. पण टँक खोलीच्या मधोमध मांडायचा नाही. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवायचा.

आता मुख्य विषय. सगळे जण आधी मासा निवडतात. निवडायचा असतो आधी दगड.

कारण असं की मासा अमोनिया सोडतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशने जे सहन केलं असतं ते इथे चालत नाही. हा अमोनिया काही बॅक्टेरिया नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. दगडाच्या आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे तिसरे बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. म्हणजे सच्छिद्र दगड हाच खरा फिल्टर, बाहेरची मशीन नुसती मदतनीस. 'लाइव्ह रॉक' म्हणतात तो हाच. दगड जिवंत नसतो, त्यात राहणारे जिवंत असतात.

पण हा दगड मुळात असतो काय? मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. पूर्वी फिजी, टोंगा, इंडोनेशिया इथून तो जगभर जायचा. २०१७ च्या अखेरीस फिजीने प्रवाळ आणि लाइव्ह रॉक यांची निर्यात थांबवली. फ्लोरिडात समुद्रातून दगड तोडायला १९९० च्या दशकातच बंदी आली. तिथले लोक आता खाणीतली चुनखडी भाड्याने घेतलेल्या समुद्राच्या तुकड्यात टाकतात आणि वर्ष-दोन वर्षांनी जीव बसलेला दगड वर काढतात. मला ही आयडिया फार आवडली. शेतीच झाली ती!

आपल्याकडे प्रश्न कायद्याचाही आहे. दगड बनवणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, समुद्रघोडेही. मालवणच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे, आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा कोणी "समुद्रातून काढलेला ओरिजिनल माल" म्हणून पांढरा फांद्यांचा दगड दाखवला तर हात लावू नका. तो तुमच्या टँकसाठी कोणीतरी कुठलं तरी घर मोडून आणलेला असतो.

मग काय घ्यायचं? कारखान्यात केलेला कोरडा सच्छिद्र दगड. जुना ठोकताळा ४ लिटरला अर्धा किलो असा आहे, पण हलका, भरपूर छिद्रांचा दगड असेल तर त्याहून कमी पुरतो. वजनापेक्षा छिद्रं बघा. मामांनी विचारलं, जांभा का नको, त्यालाही छिद्रं असतात की! असतात, पण तो लोहाने भरलेला आणि झिजणारा. घरामागचा काळा पाषाण तर इतका घट्ट की आत बॅक्टेरिया राहणार कुठे? दगड चुन्याचा आहे का हे बघायला त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसला पाहिजे.

कोरड्या दगडाला 'जिवंत' करायला ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्यात बाटलीतले बॅक्टेरिया आणि थोडा अमोनियम क्लोराइड घालायचा आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया चढतो, मग उतरतो, मग नायट्राइट चढतो. घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आला, की टँक तयार. या काळात टँकमध्ये फक्त दगड दिसतात. पाहुणे हसतात. हसू द्या. कोरड्या दगडाचा एक फायदाही आहे, समुद्रातल्या दगडातून लपून येणारी मँटिस श्रिम्प (ही मासे मारते) त्यात नसते.

आता मासे. दुकानात दिसतो तो मासा लहानपणीचा असतो, हे आधी लक्षात घ्या. डोरी, म्हणजे ब्लू टँग, मोठी झाली की फूटभर होते. दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये तिला नीट वळताही येणार नाही. बरं, बंदिस्त जागेत तिची पिल्लं वाढवणं फ्लोरिडा विद्यापीठात २०१६ मध्ये पहिल्यांदा जमलं. त्यामुळे बहुतेक डोरी समुद्रातून पकडूनच येतात. लायनफिश देखणा, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि त्याचे काटे विषारी. डोमिनो डॅमसेल, काळा, तीन पांढरे ठिपके, स्वस्त आणि चिवट म्हणून दुकानदार हाच आधी गळ्यात मारतात. मोठा झाला की बाकीच्यांना जगू देत नाही! मँडरिन तर सगळ्यात सुंदर, पण तो दगडावरचे बारीक जीव टिपून खातो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो.

भांडण कोणाशी होतं? बहुधा आपल्यासारख्या आकाराच्या, रंगाच्या, तेच खाणाऱ्याशी. म्हणून टँकची वाटणी करायची: एक वर पोहणारा, एक दगडात राहणारा, एक वाळूवर बसणारा.

मामांसाठी मी यादी दिली ती अशी. निमोची जोडी, म्हणजे ऑसेलारिस क्लाउनफिश. हे सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा नंतर मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक लहान घ्यायचा. तिसरा आणलात तर त्याला मार बसतो. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, आपल्या देशात क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे, तेव्हा हॅचरीतलाच मागा. वाळूवर पिवळा वॉचमन गोबी, आपल्या खाडीतल्या निवटीच्या नात्यातला. सोबत पिस्टल श्रिम्प. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटी हलवून तिला सांगतो. (आमच्या विंगमधल्या काही रूम पार्टनर्सपेक्षा समजूतदार!) दगडासाठी एक फायरफिश. हा घाबरट आहे, उडी मारतो, म्हणून टँकला जाळीचं झाकण हवंच.

एवढेच. २५५ लिटरला चार मासे आणि एक कोळंबी.

आणायचा क्रमही ठरलेला. आधी फायरफिश, मग गोबी, क्लाउनफिश शेवटी, कारण ते जागा बळकावतात. दोन खेपांमध्ये निदान दोन-तीन आठवडे. प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये. अंगावर पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध तिथेच द्यायचं. मुख्य टँकमध्ये दिलं तर कोळंबी मरते आणि कॉपर दगडात मुरून बसतं.

आटलेलं पाणी भरताना मीठ घालू नका. वाफ पाण्याची होते, मीठ आतच राहतं. साधं आरओचं पाणी घालून ग्रॅव्हिटी १.०२५ ला ठेवायची. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. मामांनी पंप आणला, आरसीसीबीसाठी वायरमन रविवारी येणार आहे.