पौगंडावस्थेतील विषण्णता आणि घरातील वातावरण

मूल वयात येऊ लागले की त्याचा स्वभाव बदलतो, हे सर्वच आईवडिलांच्या परिचयाचे असते. परंतु हा स्वाभाविक बदल कोठे संपतो आणि विषण्णता हा आजार कोठे सुरू होतो, हे ओळखणे सोपे नाही. विषण्ण झालेला प्रौढ मनुष्य बहुधा उदास दिसतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र चिडखोर होतो, अभ्यासात मागे पडतो, मित्रांना टाळतो, डोके किंवा पोट दुखते म्हणून शाळा बुडवितो. घरची माणसे त्याला आळशी किंवा उद्धट ठरवितात आणि मूळ दुखणे दृष्टीआड राहते.

कुटुंब आणि मनोविकार यांच्या संबंधाचा आपल्या देशात जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्यात लखनौचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. बी. बी. सेठी व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये ३०० शहरी कुटुंबांची आणि १९७२ मध्ये ५०० ग्रामीण कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या पाहणीत दर हजारी ७२.७, तर दुसरीत दर हजारी ३९.४ व्यक्तींमध्ये मनोविकार आढळले. हे आकडे सर्व वयांचे व सर्व प्रकारच्या विकारांचे आहेत. त्यांवरून केवळ मुलांच्या विषण्णतेचे अनुमान काढता येणार नाही. तथापि, रुग्णाकडे एकट्याने न पाहता त्याच्या घरासह पाहावे, ही दृष्टी या पाहण्यांमागे होती.

एकत्र कुटुंबे मोडली म्हणून मुले एकाकी झाली, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. त्यात तथ्यांश आहे. आईशी न पटणाऱ्या मुलाला आजीचा किंवा काकाचा आधार मिळू शकतो. परंतु घरात माणसे पुष्कळ असली म्हणजे आधार असतोच, असे नाही. लखनौच्या चौक भागातील एखादे जुने, नांदते घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. मुलगा परीक्षेत नापास झाला आहे. आजोबा, वडील, काका, सर्वजण त्याच्याविषयी बोलतात. त्याच्याशी बोलायला मात्र कोणी नाही. लखनौची अदब प्रसिद्ध आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, हा संस्कार सुंदरच होय. पण त्याचा अर्थ ‘आपले दुःखही बोलू नये’ असा झाला, तर मुलाजवळ ‘जी नहीं लगता’ एवढेच शब्द उरतात. मराठी घरातील मूलही ‘कशात मन लागत नाही’ म्हणून गप्प बसते.

घरातील बोलण्याचा आजारावर होणारा परिणाम संशोधकांनी मोजून पाहिला आहे. लंडनमधील ख्रिस्तीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये दाखविले की, ज्या रुग्णांना घरी सतत टोचून बोलले जाते त्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. विषण्णतेच्या रुग्णांना तर त्याहून सौम्य टीकाही बाधते. पुढे चंडीगढ येथे अशीच पाहणी झाली. तीत लखनौलाच वैद्यक शिकलेले डॉ. नरेंद्रनाथ विग यांचा सहभाग होता. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांविषयीच्या या पाहणीचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील नातेवाइकांच्या बोलण्यात टीका लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळली. या दोन्ही पाहण्या मुख्यतः प्रौढांच्या होत्या. परंतु घरच्यांवर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्या मुलाच्या बाबतीतही त्यांचा बोध घेण्याजोगा आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. आई किंवा वडील स्वतः विषण्ण असतील, तर मुलाला हा आजार होण्याचा संभव दोन ते तीन पटींनी वाढतो. मात्र अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, उपचारांनी आई बरी झाली की मुलांच्या तक्रारीही कमी होतात. मुलासाठी आईने औषध घ्यावे, हे ऐकावयास विचित्र वाटेल. पण ते खरे आहे. दुसरी गोष्ट मुलींची. वयात आल्यानंतर मुलींमध्ये विषण्णतेचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट होते. याची कारणे अनेक आहेत. परंतु नेमक्या याच वयात आपल्याकडे मुलीचे बाहेर जाणे, खेळणे, मैत्रिणींना भेटणे यांवर बंधने येतात, हे विसरून चालणार नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मनोविकार आढळला. तेव्हा हा प्रश्न थोड्या घरांचा नव्हे.

मग घराने काय करावे? दिवसातून एक वेळ तरी सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्या वेळी गुणांचा विषय काढू नये. भावंडांशी तुलना टाळावी. उपदेश करण्यापूर्वी पूर्ण ऐकून घ्यावे. खिन्नता वा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली, तर मुलाला वैद्याकडे न्यावे. संवादोपचार आणि गरज पडल्यास औषधे यांनी बहुतेक मुले बरी होतात. मूल जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मुलाला मन मोकळे करण्यास वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये व त्वरित मदत घ्यावी. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

घर मोठे की लहान, हे बहुधा आपल्या हाती नसते. त्या घरात मुलाला आपले दुःख निर्भयपणे सांगता यावे, एवढे मात्र प्रत्येक कुटुंबाला करता येण्यासारखे आहे.