वसंत ऋतूतील शाळा आणि गावाची साथ
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

१. प्रश्नाचे स्वरूप

तुमसरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागड हे गाव वसले आहे. गावाजवळच्या डोंगरावरील किल्ला सुमारे १७०० साली, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अंमलात बांधला गेला. फाल्गुन लागला की या परिसराचे रूप पालटते. गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच आटोपलेली असते, पळस फुललेला असतो, मुले होळीसाठी लाकडे गोळा करीत असतात आणि पहाटेच्या गारव्यात मोहाची फुले टपटप गळू लागतात.

नेमक्या याच दिवसांत शाळेचे वर्ष संपत आलेले असते. उजळणी, वार्षिक परीक्षा, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ या साऱ्यांची घाई उडते. वर्षभराच्या श्रमाचे फळ पदरात पडण्याचा हा काळ. परंतु याच काळात हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणाही वाढू लागतात.

याचे कारण मुलांच्या आळसात शोधू नये. उन्हाचा ताप वाढला म्हणून शाळा सकाळची होते. ही व्यवस्था मुलांच्या हितासाठीच आहे, यात शंका नाही. परंतु मोहफुले वेचण्याची वेळही तीच असते. रात्री व पहाटे गळलेली फुले ऊन चढण्यापूर्वी उचलावी लागतात. उशीर झाला तर गुरे व रानातील जनावरे ती खाऊन टाकतात. ज्या घरात दोन पैसे येण्याचे साधन थोडे, त्या घरातील लहान हातही टोपली घेऊन झाडाखाली जातो. म्हणजे उन्हापासून मुलांचे रक्षण करणारे वेळापत्रकच सर्वांत गरजू मुलाला वर्गाबाहेर ठेवते. परीक्षेच्या तोंडावर त्याचे दहा-पंधरा दिवस बुडतात आणि प्रगतिपुस्तकात मात्र त्याच्या नावापुढे ‘अभ्यासात मागे’ एवढेच लिहिले जाते.

गावाचे जीवन आणि शाळेचे वेळापत्रक यांची अशी ओढाताण का व्हावी? या दोहोंची सांगड जेथे घातली गेली आहे, अशा शाळांकडे पाहिल्यास काही बोध मिळण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील कॅथॉलिक शाळा हे त्याचे एक उदाहरण होय.

२. वसईचे उदाहरण

कॅथॉलिक शाळा म्हटली की मोठ्या शहरातील इंग्रजी शाळा पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु हे चित्र अपुरे आहे. वसई तालुक्यातील ख्रिस्ती समाज मराठी बोलणारा असून पिढ्यान्‌पिढ्या वाडी, विहीर, केळी, भाजीपाला व फुले यांवर जगत आलेला आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेव्हापासून हा समाज ख्रिस्ती आहे. मात्र त्याची घरची बोली, गाणी व लग्नाच्या चालीरीती या मातीतल्याच राहिल्या. एका चर्चभोवतीच्या वस्तीला तेथे ‘धर्मग्राम’ म्हणतात. अशा धर्मग्रामांत चर्चच्या आश्रयाने मराठी शाळा उभ्या राहिल्या.

नंदाखाल येथील सेंट जोसेफ ही अशीच एक मराठी शाळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे शालेय शिक्षण येथे झाले. पुढे ते धर्मगुरू झाले, १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादन केले, वसईचा हिरवा पट्टा राखण्याच्या चळवळीत ते पुढे होते, आणि त्यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हा मान मिळविणारे ते पहिलेच ख्रिस्ती साहित्यिक. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

एका शेतकरी वस्तीतील मराठी शाळेचा विद्यार्थी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचतो, यात त्याच्या बुद्धीचा व श्रमाचा वाटा मोठा आहेच. परंतु ज्या शाळेत मुलाची भाषा परकी मानली जात नाही आणि जिचे सुखदुःख वस्ती आपले मानते, त्या शाळेत अशी बुद्धी कोमेजून जाण्याचा संभव कमी असतो. शिक्षकाने लक्षात घ्यावयाचा मुद्दा हा आहे.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजी माध्यमाकडे पालकांचा ओढा वाढल्यामुळे मराठी शाळांपुढे पटसंख्येचा जो प्रश्न महाराष्ट्रभर उभा आहे, त्यातून वसईच्या शाळाही सुटलेल्या नाहीत. वस्तीचा आधार एकदा मिळाला म्हणजे तो कायमचा राहतो असे नाही. तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो.

३. चाळीस दिवसांचा संस्कार

ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीचा काळ हा उपवासकाळ होय. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून त्याचा आरंभ होतो. ही राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून करण्याची प्रथा आहे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे. आपल्या तोंडचा घास थोडा कमी करून वाचलेले गरजूला द्यावे, हा त्यातील भाव आहे. कॅथॉलिक शाळांतील मुले खाऊचे पैसे साठवून ते गरजूंसाठी देतात, तेही याच भावनेने.

हा काळ फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो. तरी वस्तीचा हा नेम अभ्यासाच्या आड येणारी अडचण आहे असे तेथे मानले जात नाही. चाळीस दिवस एखादा नेम पाळणाऱ्या मुलाला चाळीस दिवस नेमाने पाठ करणे परके वाटत नाही. समाजजीवनातील शिस्त अभ्यासाच्या कामी आणण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे.

४. वर्गपाठ : होळी आणि ईस्टर

भूगोल व गणित यांच्या तासाला पुढील पाठ इयत्ता पाचवीपासून घेता येईल. त्यासाठी दिनदर्शिकेखेरीज दुसरे साधन लागत नाही.

होळी फाल्गुन पौर्णिमेला येते. ईस्टरचा दिवसही चंद्रावरच ठरतो. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार हा ईस्टर. म्हणून तो २२ मार्चपूर्वी व २५ एप्रिलनंतर कधीही येत नाही.

२०२४ साली धुळवड २५ मार्चला झाली आणि त्याच पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२५ साली मात्र धुळवड १४ मार्चला झाली. ती पौर्णिमा २१ मार्चच्या आधीची असल्यामुळे चैत्र पौर्णिमेची वाट पाहावी लागली व ईस्टर २० एप्रिलला आला. मुलांना प्रथम दोन्ही तारखा शोधावयास सांगाव्या, मग अंतर इतके का वाढले ते विचारावे.

गणितासाठी दुसरा प्रश्न असा : २०२४ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला होता. त्या दिवसापासून ३० मार्चपर्यंत दोन्ही दिवस धरून ४६ दिवस होतात. मग उपवास चाळीस दिवसांचा कसा? मधले सहा रविवार उपवासात मोजत नाहीत, हे उत्तर मुले स्वतःच काढतील. लीप वर्ष असल्याचे जो विसरेल त्याचे उत्तर एकाने चुकेल. ती चूकही उपयोगाचीच आहे.

दोन समाजांचे सण एकाच चंद्राकडे पाहून ठरतात, हे मुलाला अशा रीतीने आकड्यांतून कळले म्हणजे त्यावर निराळे प्रवचन करण्याची गरज उरत नाही.

५. गुणगौरव कोणाचा?

नागपुरात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने शाळा व महाविद्यालय चालते. हे १६०२ पासून १६२२ साली मृत्यू येईपर्यंत जिनिव्हाचे बिशप होते. त्यांच्याविषयी अशी हकीकत सांगतात की, मार्टिन नावाचा एक कर्णबधिर तरुण त्यांच्याकडे आला. तो शिकू शकणार नाही असे त्या काळी लोकांना वाटे. बिशपांनी हातांच्या खुणा ठरविल्या, त्या खुणांनी त्याला धर्मशिक्षण दिले आणि पुढे त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. म्हणूनच कर्णबधिरांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे स्मरण केले जाते.

या हकीकतीतील मर्म कोणत्याही शाळेला लागू आहे. ज्याला आपले बोलणे ऐकू येत नाही, त्याच्यासाठी गुरूने आपली भाषा बदलली. मार्टिनची प्रगती शंभरपैकी किती गुण मिळाले यावरून मोजता आली नसती. तो कोठून निघाला व कोठे पोहोचला, यावरूनच ती मोजावी लागते.

वर्षअखेरच्या समारंभात पहिल्या तीन क्रमांकांना बक्षिसे देणे योग्यच आहे. परंतु पहाटे मोह वेचून, घरी टोपली ठेवून, धावत शाळेत येणारी मुलगी चौथ्या क्रमांकावर राहिली, तर तिच्या श्रमाची नोंद कोठे होते? धाकट्या भावाला सांभाळीत बेरीज-वजाबाकी शिकलेला मुलगा व्यासपीठावर कधी येतो? गावासमोर त्यांचे नाव एकदा उच्चारले गेले, तर पुढील वर्षी त्यांना शाळेत पाठविण्यासाठी घरी जाऊन विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

६. आंबागड परिसरात काय करता येईल?

जिल्हा परिषदेची शाळा सर्वांची आहे. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे, पूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तेव्हा वरील उदाहरणांतून घ्यावयाची ती पद्धत, उपासना नव्हे. ‘धर्मग्राम’ नसला तरी गाव आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीही दिली आहे. तिच्यातील तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा नियम आहे. मोह वेचणारे पालक या समितीत आहेत किंवा नाहीत, हे प्रथम पाहावे. त्यानंतर पुढील गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत.

(अ) मोह गळू लागण्यापूर्वीच समितीची सभा घेऊन कोणत्या घरची मुले वेचणीस जातात याची यादी करावी.

(आ) सकाळच्या शाळेत पहिला तास गोष्ट, गाणे, वाचन यांचा ठेवून गणित व भाषा यांचे मुख्य पाठ नंतर घ्यावेत. उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर उभे करू नये. जो आला, तो शिकण्यासाठीच आला आहे.

(इ) बुडालेल्या पाठांसाठी वस्तीत जोड्या लावाव्यात. शेजारचा विद्यार्थी सायंकाळी अर्धा तास उजळणी करून घेईल.

(ई) मोह वर्गात आणावा. ताजी फुले तोलून, वाळवून पुन्हा तोलावी. घट किती झाली याचा हिशेब करावा. झाडाखालचा पाला पेटविल्याने रानात वणवा कसा पसरतो, हेही याच वेळी शिकवावे.

(उ) गुणगौरव समारंभ वेचणीचा हंगाम ओसरल्यावर, पालकांना सवड असेल अशा वेळी गावात करावा. प्रत्येक मुलाविषयी एक खरे वाक्य शिक्षकाने लिहून आणून वाचावे.

७. चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेत मार्च महिन्यातील गैरहजेरी कोणत्या घरांतून अधिक आहे? तिचे कारण हजेरीपटावरून कळते की घरी गेल्यावर?

(२) घरी निराळी बोली बोलणाऱ्या मुलासाठी शिक्षकाने आपली भाषा कोठे बदलली?

(३) गेल्या वर्षी ज्या मुलाचे नाव समारंभात एकदाही घेतले गेले नाही, असा मुलगा आठवतो काय? त्याच्याविषयी आज कोणते वाक्य लिहिता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केंद्राच्या सभेत येण्यापूर्वी लिहून ठेवावे. ते लिहिता आले नाही, तर प्रथम त्या मुलाच्या घरी जाऊन यावे.