भोगीच्या दिवशीचे घर : स्वयंपाक, घरकाम आणि विज्ञान

हिवाळा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शेकोटी, स्वेटर, हुरडा, बोरं, तिळगूळ. बरोबर ना? आज आपण हिवाळ्यातला एक खास दिवस घेऊन घरातली कामं समजून घेणार आहोत. तो दिवस म्हणजे भोगी. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. बहुतेक वर्षी ती १३ किंवा १४ जानेवारीला असते.

"न खाई भोगी तो सदा रोगी" असं आपल्याकडे म्हणतात. या दिवशी हंगामात जे जे पिकतं ते ते एका भांड्यात येतं. चला तर मग, सकाळपासून सुरुवात करूया.

१) सकाळ : अंथरूण-पांघरूण उन्हात

भोगीला घर आवरतात, गोधड्या आणि रजया उन्हात टाकतात. गोधडी कापसाची किंवा जुन्या सुती कपड्यांची असते. रात्रभर आपल्या अंगातला ओलावा ती शोषून घेते. ओलसर कपड्याला कुबट वास येतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कीटक वाढतात. कडक ऊन लागलं की ओलावा उडून जातो. म्हणून गोधडी दोन-तीन तास उन्हात ठेवायची, मध्ये एकदा उलटायची आणि काठीने झटकायची.

आता खोबरेल तेलाची बाटली बघा. तेल गोठून पांढरं झालेलं असतं. ते खराब झालेलं नाही हं! खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठायला लागतं. बाटली उन्हात ठेवली की पुन्हा पातळ होतं. शेजारची शेंगदाणा तेलाची बाटली मात्र तशीच पातळ असते. प्रत्येक पदार्थाचं गोठण्याचं तापमान वेगळं असतं, हे इथे घरबसल्या दिसतं.

२) दुपार : भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी

भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, वालपापडी किंवा पावटा, ओले हरभरे, शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे आणि तिळाचा कूट घालतात. काही भागांत हिला लेकुरवाळी भाजी म्हणतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि लोणी. हे सगळं याच दिवसांत का? कारण हे सगळं याच दिवसांत शेतात आणि बाजारात ताजं मिळतं.

बाजरीत गहू-तांदळापेक्षा लोह जास्त असतं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्यात आपली बाजरीही होती.

पण बाजरीचं पीठ जास्त दिवस ठेवलं की कडू होतं. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. दळल्यावर त्यांचा हवेशी संबंध येतो आणि ते खवट होतात. म्हणूनच आजी म्हणते, "आठवड्यापुरतंच दळून आण."

भाकरी थापताना कधी मोडली आहे का? गव्हात ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं, म्हणून पोळी लाटता येते. बाजरीत ते नसतं. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि पिठाला चिकटपणा येतो. मग तळहाताने रगडून मळायचं, परातीत थापायचं, वरून तीळ लावायचे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची. शेवटी विस्तवावर धरली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि भाकरी टम्म फुगते. वाफेत किती जोर असतो, ते या पापुद्र्यातून कळतं.

३) संध्याकाळ : दही आणि शेगडी

थंडीत दही लवकर लागत नाही. विरजणातल्या जिवाणूंना ऊब लागते, गारठ्यात त्यांचं काम मंदावतं. म्हणून दूध कोमट घ्यायचं, विरजण जरा जास्त लावायचं आणि भांडं जाड कापडात गुंडाळून ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. ही पालकांनीही वाचावी. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका, आणि ती पेटती ठेवून झोपू तर मुळीच नका. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. कोणाला असा त्रास वाटला तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

४) ही सगळी कामं कोणाची?

मी वर्गात मुलांना घरातली कामं आणि ती करणाऱ्यांची नावं लिहायला सांगते. पाणी भरणे - आई. भाकरी - आई. गोधड्या - आई, आजी. आणि त्याच वहीत "आई काय करते?" या प्रश्नाचं उत्तर असतं, "काही नाही, घरीच असते." आता सांगा, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी असतील?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. ६ वर्षांवरील लोकांना दिवसभराचा हिशेब विचारला. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि १०० पैकी सुमारे २६ पुरुषच अशी कामं करत होते. स्त्रिया होत्या सुमारे ८१.

मुलग्यांनो, भाकरी थापायला ताकद आणि सराव लागतो, त्याला मुलगी असावं लागत नाही. आणि मुलींनो, अभ्यासाचा वेळ भांड्यांत जाऊ नये यासाठी कामाची वाटणी मागणं हा उद्धटपणा नाही.

करून पाहा

१. एका रविवारी घरातली सगळी कामं, लागलेली मिनिटं आणि करणाऱ्याचं नाव असा तक्ता करा. प्रत्येकाच्या मिनिटांची बेरीज करा.
२. ज्याची बेरीज सर्वात जास्त, त्याचं एक काम आठवडाभर तुम्ही करा.
३. एक वाटी दूध उबेत आणि एक वाटी गारठ्यात विरजून ठेवा. दही आधी कुठे लागलं? कारण लिहा.
४. बाजरीचं पीठ गरम पाण्यात आणि थंड पाण्यात वेगवेगळं भिजवून थापून बघा. काय फरक पडला?

तक्ता वहीत चिकटवा आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवा. बेरीज ऐकल्यावर घरात काय बोलणं झालं, तेही दोन-चार ओळींत नक्की लिहा.